कुसुमकाकूंची बंद खोली

कुसुमकाकू कोणाच्याही घरी गेल्या की आधी टाळी वाजवायच्या. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. उंबरठा ओलांडायचा, खोलीच्या मधोमध उभं राहायचं, एक खणखणीत टाळी मारायची आणि मान तिरपी करून ऐकायचं. मग निकाल. "घुमते तुमचा हॉल. जाड परदे लावा." गल्लीत एके ठिकाणी त्या सांत्वनाला गेल्या आणि सवयीनं तिथंही टाळी वाजवून बसल्या. रडणारी माणसं दचकून गप्प झाली. काकूंनी मान डोलावली. "इथं नाही घुमत. लोकं भरपूर हायेत ना," असं म्हणाल्या आणि मगच पदर डोळ्यांना लावला.

हे टाळीचं वेड मागच्या उन्हाळ्यात लागलं. त्याआधी त्या आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोणत्याही निवृत्त नर्सबाईसारख्या होत्या, म्हणजे दिसेल त्याला औषध सांगायच्या. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. एका सकाळी अंगणातून मला हाक मारून म्हणाल्या, "सुधीर, मी स्टुडिओ बनवून राह्यली."

"फोटोचा?"

"गाण्याचा रे. मधली खोली. आतला आवाज बाहेर नाही गेला पाहिजे. अन् खर्च नाही करायचा. जे घरात हाय, त्याच्यातच भागवायचं."

मी गोंधळलो. काकूंचं गाणं मला माहीत होतं. गणपतीच्या आरतीत त्या सगळ्यांच्या एक ओळ पुढं असत आणि बाकीचे मागं राहिले म्हणून त्यांच्याकडं रागानं पाहत. घरात पेटी नाही, तबला नाही. माणसं दोनच, त्या आणि वसंतकाका. काका भरवेलीच्या खाणीत फोरमन होते आणि गल्लीतले सगळ्यांत बोलके गृहस्थ. सायकलवरून चाललेल्या माणसाला खाली उतरवून गोष्ट सांगायचे. त्याआधीच्या थंडीत त्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण बोलणं गेलं, आणि त्यानंतर ते दाराबाहेर आलेच नाहीत.

मला वाटलं, काकांना शांतता हवी असेल. पण मग बाहेरचा आवाज आत यायला नको, असं म्हणायला हवं होतं. काकू तर उलटंच सांगत होत्या. माझी बायको म्हणाली, "काकू मोबाईलवर भजनं टाकणार असतील." या कल्पनेनं आम्ही दोघंही जरा घाबरलो.

पहिल्यांदा आले अंड्यांचे ट्रे. जन्मभर अंड्याला हात न लावलेल्या काकू कोपऱ्यावरच्या अंडेवाल्याकडून रिकाम्या ट्रेंची चळत डोक्यावर घेऊन आल्या, तेव्हा गल्लीत बरीच चर्चा झाली. ट्रे भिंतीला चिकटवले. खोली घुमायची थांबली, पण काकूंचा खोकला आमच्या स्वयंपाकघरात आधीसारखाच ऐकू येई.

"ट्रेनं घुमणं मरते, आवाज नाही मरत," काकूंनी मला समजावलं. "आवाज म्हणजे पाणी. फट भेटली का निंगला."

मग रामपायली गावातल्या भावाकडून धानाच्या भुशाची पोती आली. ती भिंतीशी छतापर्यंत रचली. थोड्याच दिवसांत त्यांत उंदीर आले आणि गायकाच्या आधी त्यांनीच रियाज सुरू केला. पोती गेली, जुन्या गाद्या आल्या. आमचीही एक गेली, आम्हाला न विचारता. झरोका विटांनी बुजवला. दाराच्या कडेनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे दार लावलं की फट उरू नये. पंखा काढून टाकला, कारण "पंखा मधामधात बोलते."

तपासणीचं काम माझ्याकडं होतं. सुट्टीच्या दिवशी मी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला कान लावून उभा राहायचो आणि काकू पलीकडं थाळी वाजवायच्या. मग बाहेर येऊन विचारायच्या, "आवाज आला का?"

"आला."

"काहून आला?"

एकदा मात्र कितीही वेळ कान लावला तरी काही ऐकू आलं नाही. मी आनंदानं धावत गेलो. "काकू, काहीच नाही आलं!"

"मी वाजवलीच नाही अजून. थाळी शोधून राह्यली."

दुसऱ्या वेळी आवाज स्पष्ट आला म्हणून मी नापास केलं, तर थाळी माझ्या बायकोच्या हातून पडली होती. काकू महिनाभर माझ्याकडं संशयानं पाहत होत्या.

शेवटी खोली पास झाली. पूजा नाही, पेढा नाही. मी आत डोकावलो. समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या. बाकी काही नाही.

"काकू, रेकॉर्डिंग कशावर करणार?"

"रेकॉर्डिंग कायचं बाप्पा?" म्हणत त्यांनी मला बाहेर काढलं. मी सुरुवातीला गोंधळलो होतो त्याहून जास्त गोंधळलो.

मग एका दुपारी त्यांच्या घरातून जळका वास आला. हाका मारल्या, उत्तर नाही. मी आत गेलो. गॅसवर डाळ करपून काळी झाली होती, घरभर धूर. गॅस बंद केला आणि घाबरून मधल्या खोलीचं दार खांद्यानं ढकललं.

दार उघडलं तसं गाणं बाहेर आलं.

"मऽले... पाऽणी... दे," वसंतकाका गात होते. जाड, अडखळता आवाज, पण सूर सरळ. समोर काकू त्यांचा डावा हात हातात धरून गुडघ्यावर ताल देत होत्या. दोघंही घामानं निथळत होते. मला पाहताच काकांचं तोंड मिटलं. त्यांनी मान भिंतीकडं वळवली आणि त्यांचे खांदे हलू लागले.

काकू मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आल्या.

"नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी वाचते. चालीवर बोलवून पाहा म्हणे. पण यायले, तुझ्या काकाले, लाज वाटे. शब्द उलटेसुलटे निंगत. बाहेरून कोणी खोकललं तरी तोंड बंद. सारी गल्ली ज्या माणसाले ऐकत होती, त्याले असं कोणी ऐकू नये, असं वाटते ना रे."

मी म्हणालो, "पाणी तर छान म्हटलं की काकांनी."

"हौ. पाणी आलं, च्या आला, पंखा बी आला." त्या करपलेली डाळ खरवडू लागल्या. "माझं नाव नाही येत. नाव सगळ्यात कठीण असते म्हणे." त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. "चाळीस वर्षं मी यायले म्हणत होती, चूप बसा हो जरा."

मग त्यांनी हात धुतले, आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी घरी आलो. बायकोला सांगितलं, डाळ लागली होती.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी भाजीची गाडी दारात आली होती. काकू एकेक वांगं उचलून, नाक मुरडून परत टाकत होत्या. मी स्कूटर पुसत होतो. एवढ्यात त्यांच्या घरातून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, लांब ओढलेला आवाज आला.

"कुऽऽसुम!"

"हौ हौ, आली!" काकू मागं न पाहता खेकसल्या. "ओरडता काहून इतके?"

आणि त्यांचा हात थांबला.

"अम्मा, आधा किलो कर दूँ?" भाजीवाल्यानं विचारलं. काकूंनी ऐकलं नाही. हातात वांगं धरून त्या तशाच उभ्या होत्या. वसंतकाका दारात आले होते, बनियनवर, चौकटीला धरून, आणि आता बरोबर जमलंय की नाही याची खात्री करून घेत असल्यासारखे, सगळ्या गल्लीदेखत तेच नाव पुन्हा पुन्हा गात होते.