शेट्येअण्णांची हिरवळ

देवळात जाताना आपण वहाणा काढतो. रत्नागिरीत खेळाच्या मैदानात जातानाही त्या काढाव्या लागत, कारण तिथे शेट्येअण्णा उभे असत.

अण्णा म्हणजे म्युनिसिपालिटीचे मैदानावरचे मुकादम. ही गोष्ट सन तीसच्या आसपासची. मी शेजारच्या शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा मारायला मैदानाच्या कडेला बसायचो. आमच्याकडे जमीन म्हणजे नुसता कातळ. त्यावर गाड्या गाड्या माती टाकून अण्णांनी गवत रुजवले होते. एकदा मुंबईहून बोटीने गवत कापायचे यंत्र आले. पहिल्याच दिवशी चिऱ्याचा तुकडा चावून ते कायमचे गप्प झाले. "मोठ्या घरची सून ती, तिला कोकन मानवायचा नाय," असे म्हणून अण्णांनी पुन्हा विळा हातात घेतला.

पोरे हुतूतू खेळायला आली की अण्णांचा घसा सुरू. "मेल्यांनु, टाचा रोवू नका! गवताला मानसाचा पाय कळतो!" पोरे खुशाल खेळत, अण्णा खुशाल ओरडत. बायको जाऊन वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. माझ्याशी होणाऱ्या गप्पा सोडल्या तर दिवसभरात त्यांचे काय बोलणे होई ते एवढेच.

गणपती गेले की पहिली कापणी. त्याआधी अण्णा जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालीत.

"बा राखणदारा म्हाराजा, पोरांची ढोपरं फुटू देव नको!"

"व्हय म्हाराजा!" पोरे एका सुरात.

"जो कोन वहाना घालून येल, त्याच्या पायाला कुरूप होवदे!"

"व्हय म्हाराजा!"

पोरे येत ती नारळ-गुळासाठी, पण 'व्हय' म्हणत ती अगदी बेंबीच्या देठापासून.

घात केला तो एका गोऱ्या साहेबाने. तो बक्षीस समारंभाला आला आणि अण्णा आडवे आले. "सायब, बूट." मेंबर मंडळींना दरदरून घाम फुटला. साहेब मात्र हसला. बूट काढून, मोज्यांवर मैदानभर फिरला आणि म्हणाला, विलायत सोडल्यापासून असे गवत पाहिले नाही, हे जपा.

झाले! अण्णांनी ते 'जपा' फारच मनावर घेतले. दुसऱ्याच दिवशी मैदानाभोवती करवंदीच्या काट्यांची वई उभी राहिली. खेळ बंद.

"अहो अण्णा, मैदान खेळायलाच असतं ना?" मी म्हटले.

"खेळतील कुटंबी. सायब परत आला तर त्याला दाखवू काय?"

साहेबाची बदली झाली. पोरे समुद्रकाठी मांडवीच्या वाळूत खेळू लागली आणि तिथेच रमली.

गवत विलक्षण देखणे झाले. अण्णा मात्र गप्प गप्प राहू लागले. कुणी वई ओलांडतो का, म्हणून डोळा ठेवून बसत, पण कुणी ओलांडीना. शेवटी त्यांनी स्वतःच एका बाजूचे काटे काढून वाट केली. तरीही कुणी फिरकले नाही.

"गवत पाय इसारलं, मास्तर," एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटले.

पुढल्या वर्षी गणपती गेले. अण्णांनी नारळ ठेवला. समोर मी एकटा. त्यांनी हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा, माजी चूक झाली. पोरांना परत धाड. वहाना घालून येवदे, टाचा रोवूदे. मी वरडनार नाय." मग खालच्या आवाजात, "वरडलो तर थोडाच वरडन, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

अण्णांनी मांडवीच्या दिशेने पाहिले. "जोरात बोला, मास्तर. एकट्याचा आवाज लांब जात नाय."

मी पुन्हा म्हणालो, पोरांसारखा, बेंबीच्या देठापासून. मग अण्णांनी नारळ फोडला आणि सवयीने त्याचे बारीक बारीक तुकडे केले, सगळ्या पोरांना पुरतील एवढे.