गफूरमामूंचे ब्रेक

आमच्या शेजारच्या गफूरमामूंना कुठलीही वस्तू स्क्रू काढून आतून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. देगलूरच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. बांगडीला स्क्रू नसतो म्हणून तो धंदा टिकला, असं मामी म्हणतात. घरातलं मात्र काहीच त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. भिंतीवरचं घड्याळ खोलून परत लावलं तेव्हा मूठभर स्क्रू उरले. मामू शांतपणे म्हणाले, "कंपनीवाले उगीच जास्तीचे घालतेत."

त्यामुळे त्यांच्या आठ सीटच्या व्हॅनचे ब्रेक किंचाळायला लागले, तेव्हा मी आधीच सांगितलं, "मामू, मिस्त्रीकडं न्या."

"मिस्त्री काय वेगळं करतो मास्तर? खोलून तर बघू."

त्या रविवारी सकाळी मामू लुंगीवर, मामी चहा घेऊन आणि मी, शेजारी असल्याच्या शिक्षेपोटी, जॅक धरून. आमची गल्ली उताराची, म्हणून मामूंनी मागच्या चाकाखाली दगड लावला. तेवढं एक शहाणपणाचं झालं. मग गाडी आधी उचलली आणि नट नंतर ढिले करायला घेतले. पाना फिरवला की नटाबरोबर चाकच फिरायचं. मामू बराच वेळ चाकामागे गोल गोल झुंजले. शेवटी गाडी परत खाली टेकवून नट सैल केले.

जुने पॅड निघाले ते पापडासारखे झिजलेले. नवे बसले. मामी कपबशा उचलायला आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "खडबडीत बाजू बाहेर कशी?"

"तिकडून हवा लागती," मामू म्हणाले.

"हवा कशाला? चकतीला घासाया पाहिजे ना ते?"

मामूंनी माझ्याकडे बघितलं. मी जॅककडे बघितलं. मग त्यांनी सगळं परत खोललं.

दुपारी चाकं बसली. मामू आत बसले, गाडी चालू केली आणि मला म्हणाले, "दगड काढा." मी काढला. नवे पॅड बसवल्यावर जागच्या जागी पेडल पुन्हा पुन्हा दाबून ते चकतीला भिडवावे लागतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पेडल सरळ तळाला टेकलं. व्हॅन संथपणे, वरातीतल्या घोड्याच्या चालीनं, उतारावरून निघाली. मामू पेडलवर पाय आपटत होते, मी मागं पळत होतो, आणि व्हॅन समोरच्या शंकरअप्पांच्या कडब्याच्या गंजीत नाक खुपसून थांबली.

अप्पा बाहेर आले. "मामू, गाडीला वैरण सुरू केली का?"

मामूंनी काच खाली केली. "ब्रेक लागला की अप्पा. जरा लांब लागला."

पेडल दाबून दाबून कडक झालं, तरी मामूंचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी बघतो तर ते व्हॅनमध्ये तांदळाची पोती चढवत होते. मला वाटलं दुकान बदललं. म्हणाले, "वजनावर ब्रेक बघाया पाहिजे." पुढच्या सीटवर एक पोतं, मागं दोन, आणि त्यांच्या मधोमध ओढणीत गुंडाळलेली पिठाची पिशवी.

"हे काय?"

"पुढं जावई. मागं शबाना आन् तुमची मामी." पिशवीवरचा ओढणीचा पदर त्यांनी नीट केला. "आन् ही शबानाची पोरगी. मोबाईलमधीच बघितली आजवर. गुरुवारी नांदेडला उतरायलेत."

मग माझ्या ध्यानात आलं. तरी म्हणालो, "मिस्त्रीला एकदा दाखवायला काय हरकत आहे?"

"त्याला काय माहीत मास्तर, कोण बसणार हाय ते." पण जरा थांबून म्हणाले, "बरं, दाखवू. पोरगी लहान हाय." आणि खरंच दाखवून आले. मिस्त्रीनं डाव्या चाकातला एक बोल्ट आवळला, एवढंच. मामूंनी हे मामींना सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी व्हॅन गल्लीत शिरली ती इतकी हळू, की कुत्रीही उठली नाहीत. जावई बॅगा घेऊन उतरले. मामी शबानाला घरात घेऊन गेल्या. मामू काही उतरेनात. मी जवळ गेलो तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मागच्या सीटवर, लहान मुलांच्या खुर्चीत, पोरगी गाढ झोपली होती.

"दार वाजलं तर उठंल," ते कुजबुजले. "शबानाला सांगितलंय, जागी झाली की आणतो."

"तुम्ही तरी आरामात बसा."

"बसलोय की."

हँडब्रेक ओढलेला होता. चाकाखाली दगड मी स्वतः सरकवला. तरीही मामू आरशातून तिच्याकडे बघत तसेच बसून राहिले, चांगला तासभर, आणि पाय काही त्यांनी ब्रेकवरून उचलला नाही.