सकाळी दरी, दुपारी धबधबा

सलील खांबेटे हा कधीही खोटं न बोलणारा माणूस होता. निदान त्याचं स्वतःबद्दल तसं मत होतं. पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये असताना, मेसच्या आमटीत डाळ नसते आणि फळ्यावर मात्र खुशाल ‘आमटी’ लिहितात, या असत्याविरुद्ध त्याने उपोषण केलं होतं. (उपोषण संध्याकाळपर्यंत टिकलं. रात्री फीस्ट होती.) नोकरीसाठी बहारीनला आल्यावरही तो बदलला नाही. बिस्किटाच्या पुड्यावर दाखवलेले काजू आतल्या बिस्किटात का नाहीत, हे त्याने कंपनीला दोनदा पत्र लिहून विचारलं होतं.

अशा या माणसाने आयुष्यात एकच थाप मारली आणि तीसुद्धा पोस्टाने.

झालं असं, की ब्याण्णव साली त्याचा साखरपुडा झाला. मुलगी स्पृहा, राहणार पुणे, शाळेत शिक्षिका. दर रविवारी पाठीवर सॅक टाकून कुठल्या ना कुठल्या गडावर चढणारी. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये आठ महिने आणि एक समुद्र होता, त्यामुळे पत्रव्यवहार सुरू झाला. तिसऱ्याच पत्रात तिने विचारलं, “तिकडे डोंगर आहेत का रे?”

सलीलने मनामाच्या नईम भागातल्या आपल्या फ्लॅटच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती. टाकीवर एक कबुतर बसलं होतं. कबुतराच्या पलीकडे दुसरी टाकी होती. ‘नाहीत’ एवढं तीन अक्षरी उत्तर लिहायचं, बस. पण पेन अडलं. ही मुलगी डोंगराशिवाय कशी राहील? आणि तिने लग्नच मोडलं तर? त्याने लिहिलं, “डोंगर लहान आहेत, परंतु येथील दऱ्या आणि धबधबे प्रेक्षणीय आहेत.”

‘प्रेक्षणीय’ हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा वापरला होता. थाप मारताना माणसाचं मराठी सुधारतं.

लग्न झालं आणि जानेवारीत स्पृहा आली. तिच्या बॅगेत साड्या चार होत्या, ट्रेकिंगचे बूट दोन जोड आणि वीस मीटर दोर. (विमानतळावरच्या कस्टमवाल्याने दोर हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं आणि मग सहानुभूतीने सलीलकडे पाहिलं.) पहिल्याच शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, चहा पिता पिता तिने विचारलं, “धबधबा कधी?”

“धबधबा पावसाळ्यात असतो.”

“इकडे पावसाळा कधी असतो?”

“होऊन गेला. परवाच.”

पुढच्या शुक्रवारी रस्ता दुरुस्तीला काढलेला होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिकडे जायला परमिट लागत होतं आणि परमिट देणारा माणूस रजेवर होता. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये पुण्याहून तिच्या जुन्या शाळेचं पत्र आलं. जागा रिकामी झाली आहे, जूनपासून रुजू व्हावं, होकार असल्यास महिनाअखेरपर्यंत तार करावी. स्पृहाने ते पत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवलं. वर एवढंच बोलली, “इथे दिवसभर मी करू काय सलील? वाळू मोजू?”

तेव्हापासून सलीलला फ्रिज उघडायची भीती वाटायला लागली. तो बिनदुधाचा चहा प्यायला लागला.

आणि अशात एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, अंडी घेताना त्याला गल्ल्याजवळ रंगीत कागद दिसला. उंचच्या उंच कडे, मधून वाहणारी निळी नदी, आणि वरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा! खाली मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापलेलं : ‘सकाळी दरी, दुपारी धबधबा. दर शुक्रवारी, गाइडसह. चहा फ्री. संपर्क : नझीर.’

सलीलला आनंद व्हायला हवा होता. त्याला संताप आला. दोन वर्षं तो या देशात राबतोय, दर महिन्याला प्रामाणिकपणे काम करतोय, आणि या देशात धबधबा आहे हे त्याला कुणीही सांगू नये? ऑफिसमध्ये रोज जेवणाच्या सुट्टीत सोन्याच्या भावावर तासभर बोलणारी माणसं, निसर्गाबद्दल एक अक्षर नाही! केवढी ही अनास्था! (आपण थाप मारली होती हे तो या क्षणी साफ विसरला. थाप खरी निघाली म्हटल्यावर ती थाप कसली? ते तर भाकीत.)

शुक्रवारी सकाळी सात वाजता व्हॅन आली. नझीर मूळचा रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा. मागच्या सीटवर जयप्रकाश आणि अरुणा हे जोडपं आधीच बसलेलं. चौदा वर्षं बहारीनमध्ये, जयप्रकाश एका बँकेत अकाउंटंट. अरुणाताईंच्या पायाशी दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाचा डबा, पुऱ्यांचा डबा आणि बटाट्याच्या भाजीचं पातेलं.

“दोर कशाला गं आणलास?” अरुणाताईंनी स्पृहाला विचारलं. “कपडे वाळत घालायला?”

“दरीत उतरायला.”

“अगंबाई! आम्ही तर वरूनच बघणार. बसून.”

व्हॅन दक्षिणेकडे निघाली. शहर संपलं, तेलाच्या पाइपलाइनी सुरू झाल्या, त्याही संपल्या. साडेआठला नझीरने गाडी थांबवली आणि दार उघडून छाती फुगवून म्हणाला, “यल्ला! उतरा! डावीकडे दरी, उजवीकडे दरी, मध्ये आपण!”

सलील उतरला. डावीकडे खड्डा होता. उजवीकडे खड्डा होता. दोन्ही चांगले तीन माळे खोल, कडा सरळ कापलेल्या, आणि तळाशी एक गंजलेला जेसीबी उभा होता.

“ही दगडाची खाण आहे!” सलील ओरडला.

“होती साहेब. आता बंद आहे. आता दरी.”

“अहो, माणसांनी खणलेल्या खड्ड्याला दरी म्हणता?”

“साहेब, एक अल्लानं खणली, एक काँट्रॅक्टरनं. पडलं तर दोन्हीकडे पाय मोडतो का नाही?”

“अहो, मग आपण पुऱ्या इथेच खाऊया का?” अरुणाताईंनी नवऱ्याला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता खुर्च्या उघडल्या.

सलील भाषण करायच्या तयारीत मागे वळला, तर स्पृहा गायब. व्हॅनच्या बंपरला दोराची गाठ मारून बाई केव्हाच खाली उतरल्या होत्या. दहा मिनिटांनी ती धुळीने पांढरी होऊन वर आली. हातात दगड.

“सलील, हे बघ! शंख! दगडात अख्खा शंख! म्हणजे हे सगळं एके काळी समुद्राखाली होतं! केवढे आहेत खाली, बघायला चल ना!”

“पाहिलंत?” सलील नझीरवर कडाडला. “एक सुशिक्षित स्त्री तुमच्या जाहिरातीवर विश्वास ठेवून आली, आणि तिला दगड घेऊन परत यावं लागतंय!”

स्पृहाने शंख रुमालात बांधून ठेवला.

व्हॅन पुन्हा निघाली. जयप्रकाशांना छापलेलं काहीही दिसलं की खालच्या बारीक अक्षरांपासून वाचायची सवय होती. चष्मा कपाळावर चढवून, जाहिरातीचा कागद नाकाला लावून ते म्हणाले, “फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी आहे. अल... अल्बेनिया.”

“म्हणजे कुठे आलं?” अरुणाताई.

“युरोपात.”

“युरोपात? अहो, मग स्वेटर नको का घ्यायला? आणि हे एका दिवसात परत कसे आणणार?”

“अरुणा, आपण तिकडे जात नाही आहोत. फोटो तिकडचा आहे.”

सलीलचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“गाडी थांबवा!”

“साहेब, ऊन आहे. बोला, मी ऐकतोय.” नझीरने गाडी अजिबात थांबवली नाही. “एका शिपिंग कंपनीच्या कॅलेंडरवरचा फोटो आहे तो. जून महिना. ऑगस्टचा पण चांगला होता, पण त्यात बकऱ्या होत्या. लोक म्हणाले असते, बकऱ्या दाखवा.”

“ही शुद्ध फसवणूक आहे!”

“कसली फसवणूक? हॉटेलच्या मेन्यूवर अख्खी कोंबडी असते. ताटात अख्खी येते का?”

मेन्यूवरची कोंबडी! सलीलच्या मर्मावरच घाव. त्याने बिस्किटातल्या काजूंपासून सुरुवात केली, मेसच्या आमटीवर आला, आणि आमटीवरून एकूण मानवजातीच्या नैतिक घसरणीवर पोचेपर्यंत व्हॅन थांबली.

समोर गोड्या पाण्याचे टँकर भरायची जागा होती. सिमेंटचा ओटा, त्याच्या वर दोन पुरुष उंचीवर एक जाडजूड पाइप, हत्तीच्या सोंडेसारखा वाकलेला. ओट्याभोवती पाणी सांडून सांडून चक्क गवत उगवलं होतं. गवतात तीन चिमण्या होत्या. सलीलने दोन वर्षांत एका जागी एवढं हिरवं पाहिलं नव्हतं, पण या क्षणी त्याला कुठलाच रंग दिसत नव्हता. तो तरातरा ओट्यावर चढला. भाषणाला उंची लागते.

“साहेब, तिथे उभे राहू नका,” नझीर म्हणाला.

“का नको? सत्य ऐकवत नाही? आता ऐकाच!” सलीलने बोट वर केलं. “खोटं चित्र दाखवायचं! धबधबे आहेत, दऱ्या आहेत, असं गोड गोड लिहायचं! समोरच्या बिचाऱ्या माणसाने त्या एका कागदावर विश्वास ठेवून घरदार सोडून यायचं, आणि मग त्याला दाखवायचं काय? वाळू! बरं, आल्यावर तरी खरं सांगावं? तेही नाही! आज रस्ता बंद, उद्या परमिट नाही—”

इथे तो थांबला.

परमिटचं नझीर काहीच बोलला नव्हता.

जयप्रकाश त्याच्याकडे बघत होते. अरुणाताईंची पुरी तोंडाजवळ थांबली होती. आणि स्पृहा, हाताची घडी घालून, मान किंचित कलती करून उभी होती. वर्गात मुलगा गणिताच्या शेवटच्या पायरीशी आला की शिक्षिका उभ्या राहतात, तशी.

वर केलेलं बोट हळूहळू खाली यायला लागलं. मेसच्या आमटीसाठी उपाशी राहिलेल्या माणसाला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“स्पृहा,” तो म्हणाला. “या देशात धबधबा नाहीये. कधीच नव्हता. मला लिहितानाच माहीत होतं. तू येणार नाहीस म्हणून... तू तार कर. मी स्वतः पोस्टात नेऊन देतो. पण खरं हे आहे, की इथे एकसुद्धा धब—”

“रहिमतुल्ला!” पलीकडे नझीर ओरडला. “अरे, थांब जरा! माणूस आहे खाली!”

टँकरवाल्या रहिमतुल्लाला त्यातलं फक्त स्वतःचं नाव ऐकू आलं. त्याने रोजच्याप्रमाणे चाक फिरवलं.

पाइप गुरगुरला आणि सलीलच्या डोक्यावर बहारीनचं गोडं पाणी धो धो कोसळलं. त्याचा चष्मा वाहून गेला. एक चप्पल गेली. सलील तोंड उघडं ठेवून जागच्या जागी उभा होता, कारण वाक्य अर्धवट राहिलं होतं. त्याच वेळी नझीरच्या कॅमेऱ्याचा खटका वाजला.

स्पृहा हसत हसत गवतात बसली. डोळे पुसून उठली, बूट काढले आणि ओट्यावर चढून सरळ पाण्याखाली आली.

“लग्नाआधीच बाबांनी ॲटलास काढला होता रे,” पाण्याच्या आवाजात ती ओरडली. “बहारीन शोधलं. बाबांनी बोट ठेवलं, तर अख्खा देश नखाखाली गेला! म्हणाले, यात धबधबा बसतो कुठे?”

“मग... मग आलीस कशाला?”

“माझ्यासाठी एवढी मोठी थाप कुणी मारली नव्हती. म्हटलं, बघू तरी, हा माणूस खरं किती दिवसांत सांगतो! चार महिने, सलील! दर शुक्रवारी विचारत होते. मला वाटलं, मार्चमध्ये तरी सांगशील. तार लिहून ठेवली होती मी. आज परत जाताना पोस्टात देणार होते.”

“आणि आता?”

“आता भिजली. या खांद्यावरच्या पर्समध्ये होती.”

परतीच्या वाटेवर नझीर आरशातून मागे बघत म्हणाला, “वहिनी, ते दगडातल्या शंखाचं जरा परत सांगा. लोक मला विचारतात, मी सांगतो, कुणीतरी टाकले असतील.”

स्पृहाने सांगितलं. मनामा येईपर्यंत सांगत होती. जयप्रकाशांनी लिहून घेतलं. अरुणाताईंनी भिजलेल्या सलीलला खुर्चीवरची चादर दिली आणि शेवटची पुरी दिली.

पत्र फ्रिजवरून उतरलं. स्पृहा दर शुक्रवारी व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसून गाइडचं काम करायला लागली. सलील मागे, दोराशेजारी.

तीन आठवड्यांनी कोल्ड स्टोअरमध्ये नवा कागद लागला. आता मात्र सलीलला तक्रारीला जागा नव्हती. फोटो अस्सल होता, इथलाच होता. वरून कोसळणारं पाणी, खाली हिरवंगार गवत, आणि बरोबर मध्ये सलील. बोट अर्धवट वर, तोंड आ वासलेलं, एका पायात चप्पल. एका आठवड्यात त्याच्या ऑफिसमधल्या अकरा जणांनी तो कागद त्याच्याच टेबलावर आणून ठेवला.

तरीही तो तणतणत जयप्रकाशांकडे गेला. यात काहीतरी खोटं असलंच पाहिजे! जयप्रकाशांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि तळाची बारीक ओळ मोठ्याने वाचली. शब्द छापील होते, पण काटेकोरपणा ओळखीचा होता. घरचाच होता :

‘धबधबा दर शुक्रवारी हमखास. खालचा माणूस पाण्याच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून उभा केला आहे. तो टूरमध्ये समाविष्ट नाही.’