इंदूकाकूंची बाळंतपणाची तयारी

इंदूकाकू आमच्याकडे आल्या की आधी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत बघतात, मग बेल वाजवतात. मी दार उघडेपर्यंत त्यांच्या हातात काहीतरी आलेलंच असतं. दोडक्याच्या शिरा, लिंबाची सालं, नाहीतर आमच्या ह्यांचं फाटकं बनियन.

"मॅडम, हे टाकलंय व्हय तुमी? ह्यात अजून जीव हाय की!"

मी ऑफिसातून येते साडेसहाला. स्कूटी लावताना कंबर धरलेली असते, डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी असते आणि त्यात हा पंचनामा. आपल्याच कचऱ्याबद्दल दुसऱ्याला जाब द्यायचा, याइतकं दमवणारं काम नाही. बरं, रागावावं तर तासाभरात त्याच शिरांची तीळ घालून परतलेली चटणी वाटीतून वर येते, आणि मग मी केलेल्या भाजीला घरात कोणी हात लावत नाही. तो वेगळाच ताप.

काकू मूळच्या सांगोल्याकडच्या. जुळे सोलापुरात आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर राहतात. काका सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते ऐन उमेदीत घरी बसले. तेव्हापासून काकूंनी संसार असाच ओढून नेला. भांड्यांना राख, केसांना शिकेकाई, कपड्यांना रिठे, फरशीला कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी. उरलेली भाकरी कडक करून डब्यात. आमच्याकडे नळाला पाणी येतं चौथ्या-पाचव्या दिवशी, त्यामुळे काकूंकडचं पाणी सहजासहजी सुटत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळतं, भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला जातं. हे सगळं आता 'नैसर्गिक' म्हणून दुकानात महाग मिळतं, असं मी एकदा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमी गरिबीनं केलं, त्यांनी फ्याशन केली."

त्यांचं ऐकून मीही एकदा रिठ्याचं पाणी वापरायचं ठरवलं. काकूंनी ते सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं. बाटलीत अर्थातच अजून जीव होता. मी ती ओट्यावर ठेवली आणि भर मे महिन्यात दुपारी हे बाहेरून आले. रंग बघून त्यांनी कोकम सरबत समजून अर्धा ग्लास घशाखाली घातलं. तोंडाला फेस बघून मी जिन्याकडे धावले. मी काकूंना हाका मारल्या. त्या सावकाश जिना चढून आल्या, ह्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "दवाखान्यात न्या आदी. पर घाबरू नका. पोट लई सोच्च होईल."

डॉक्टरांनी तासभर बसवून घेतलं आणि घरी पाठवलं. पुढचे दोन दिवस हे बाथरूमच्या आसपासच राहिले. तिसऱ्या दिवशी काकू चौकशीला आल्या. तब्येत विचारून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "बाटलीत उरलंय का थोडं?"

अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

गेल्या दिवाळीत त्यांच्या सारिकाला दिवस गेल्याचं कळलं. सारिका त्यांची एकुलती एक, लग्न होऊन पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, यात काकूंना विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. त्या कामालाच लागल्या. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरातून जुनी सुती साडी मागून आणली. माझ्याकडे आईची दोन पातळं होती. आई गेल्यापासून मी ती कपाटात तशीच ठेवली होती. काकूंनी मागितली नाहीत, पण मीच नेऊन दिली. त्यांनी ती रिठ्यात धुतली, उन्हात वाळवली, हातानं मऊ चोळली आणि दुपटी शिवली. गावाकडून डिंक आला, बाळंतशोपा आल्या. शेकशेगडीसाठी गोवऱ्या गच्चीवर रचल्या गेल्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे काकूंनी बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासाठी दोन जादा पिंपं घेतली. ती आत्तापासूनच भरलेली, वर फडकं बांधलेलं. काकांना त्या पिंपांजवळ फिरकायची बंदी होती.

एका रविवारी मी खाली दुपट्यांच्या घड्या घालायला बसले होते. सारिकाचा फोन आला. काकूंना फोनवर कमी ऐकू येतं म्हणून त्या फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागलं.

"आई, मी नाही येत सोलापूरला. इथंच करणार."

"का गं? डॉक्टर काय म्हनली का?"

"डॉक्टर नाही गं. तिकडं पाणी पाच दिवसांनी येणार. आणि तू राख, रिठे, लोकांच्या जुन्या साड्या... मला नकोय ते माझ्या बाळाला. स्कर्टच्या आत पिठाच्या पिशवीचा परकर घालून मी शाळेत जायची. वारा आला की त्यावरचं पिठाच्या गिरणीचं नाव दिसायचं, पोरी हसायच्या. तुला कधी बोलले नाही. तू बारशाला ये ना, मोठं करणार आहोत."

काकू म्हणाल्या, "बरं. बरं केलंस." फोन ठेवला आणि हातातलं दुपटं पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातली. मला सारिकाचा संताप आला. आणि तिचं खोटंही म्हणता येईना, म्हणून जास्तच आला.

पुढच्या शनिवारी काकू वर आल्या. बादलीकडे त्यांनी बघितलंही नाही. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या.

"मॅडम, ल्हान बाळाचं सामान मिळतंय ते दुकान कुटं हाय? मोठ्यातलं सांगा."

मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. एवढं मोठं दुकान बघून त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. साबण घेतला, पावडर घेतली, झबल्यांचा नवा कोरा सेट घेतला. एकदा वापरून टाकायच्या लंगोटांचं पाकीट हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे धुवायचं न्हाय?"

"नाही काकू."

"टाकायचं?"

"हो."

त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "दोन द्या." कमरेच्या पिशवीतून चुरगळलेल्या नोटा निघाल्या. दुकानदार सामान कागदात बांधू लागला, तर काकू म्हणाल्या, "दुकानाचं नाव असलेली पिशवी द्या, दादा. नव्वी."

बाहेर आल्यावर त्यांनी स्कूटीच्या सीटवर सगळं मांडलं. लेबलं वर येतील असं.

"फोटो काडा की. सारिकाला धाडा. अन् खाली लिवा, ह्यात माज्या हातचं काय बी न्हाय म्हनून. मग येईल ती."

मी फोटो काढला. ऊन डोळ्यांवर येतंय असं म्हणत तोंड फिरवलं आणि टाइप करायला लागले.

"लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हटलं.

खोटं बोलले. ते वाक्य मला लिहवलंच नाही. फोटोखाली मी एवढंच लिहिलं होतं, सारिका, आईला फोन कर. आत्ताच्या आत्ता कर.