किट्टोचा डावा पाय

आठवड्यात दुसऱ्यांदा लेफ्टनंट अँब्रोज किट्टोने आपले नवे लढाऊ विमान धावपट्टीवरून डावीकडे वळवले आणि भटारखान्याच्या कोबीच्या वाफ्यात नेऊन उभे केले. पहिल्या खेपेचा कोबी अजून सावरलाही नव्हता.

"कोबीशी तुमचं काही वैर आहे का, किट्टो?" कमांडर फॅनशॉने विचारले.

"नाही, सर. पायाची सवय आहे."

ते खरेच होते. युद्धापासून चार वर्षे किट्टो ज्या विमानावर होता, त्याच्या नाकावर एकच पंखा असे. पंख्याने वेग घेतला की अख्खे विमान उजवीकडे ओढ घेई आणि ते सरळ ठेवायला डाव्या पायाने पेडल दाबून धरावे लागे. नव्या विमानाला एकामागे एक असे दोन पंखे होते. एक इकडून फिरे, दुसरा तिकडून, आणि दोघांची ओढ एकमेकांत विरून जाई. विमान आपसूक सरळ धावे. नौदलाच्या त्या कॉर्नवॉलमधल्या तळावर सगळे खूश होते. किट्टोच्या डाव्या पायाला मात्र ही बातमी पोचली नव्हती. ज्या ओढीविरुद्ध तो इतकी वर्षे इमानाने झगडला, ती नाहीशी झाल्यावरही तो एकटाच झगडत राहिला होता.

"शुक्रवारी अॅडमिरल येताहेत," फॅनशॉ म्हणाला. "त्या दिवशी धावपट्टी सोडलीत, तर तुमचं उडणं संपलं. कायमचं."

उडण्यावाचून किट्टोपाशी दुसरे काही नव्हतेच. ढगांच्या पाठीवर पोचले की त्याला आपण कुणीतरी आहोत असे वाटे; खाली ते कधीच वाटले नव्हते.

त्याने पायाला वळण लावायचे ठरवले. समुद्रावरून एक टोकदार खडा आणून डाव्या बुटात घातला. पाय दाबला की खडा टोचे. तीन दिवस तो जेवायच्या टेबलापाशी लंगडत येई आणि लंगडत जाई. त्याचा मेकॅनिक हॉस्किंग, बावीस वर्षे विमानांखाली काढलेला म्हातारा, हे दुरून पाहत होता.

"साहेब, पायाचे हाल करताय."

"पायानं माझे केलेत, हॉस्किंग."

"देव बघतोय, साहेब," असे पुटपुटून हॉस्किंग पाना घेऊन शेपटीकडे निघून गेला.

पाहुण्यांचा तंबू कुठे ठोकायचा, यावर तुकडीत फार चर्चा झाली नाही. किट्टो डावीकडे जातो. सबब तंबू उजवीकडे. आत केक ठेवला होता. साखर अजून रेशनवर होती आणि त्या केकसाठी सबंध तुकडीने दोन महिने फिका चहा प्यायला होता.

शुक्रवारी आभाळ निरभ्र होते. किट्टोने वेग वाढवला. विमान सरळ धावले आणि मग, अगदी हळुवारपणे, उजवीकडे झुकू लागले. डावा पाय तळमळून उठला. 'भास आहे,' किट्टोने स्वतःला बजावले. 'तीच जुनी सवय.' पाय विनवू लागला, खडा टोचू लागला, आणि किट्टोने दात आवळून पाय मागे घेतला. त्या पायाने नव्या विमानात आयुष्यात पहिल्यांदाच खरे सांगितले होते.

इंजिनाचा जोर त्याने तोडला, तो उशिराच. माणसे वेळेवर पळाली. केक पळू शकला नाही. दोन्ही पंख्यांनी तो दोन्ही दिशांना अगदी समसमान वाटला. अॅडमिरलांच्या पदकांवर जॅम आला.

फाटक्या कनातीतून पहिला हॉस्किंग आत शिरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"साहेब, मला गोळी घाला. शेपटीवरची पत्र्याची पट्टी मीच वाकवली. म्हटलं, तुमचा पाय डावीकडे नेईल, माझी पट्टी उजवीकडे नेईल, मधल्यामध्ये सरळ जाल."

"मला सांगायचंत ना."

"सांगितलं असतं तर तुमचा धीर खचला असता. जातो, कमांडरसाहेबांना सांगतो."

"निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"चार महिने."

किट्टोने आयसिंगने माखलेली काच बाहीने पुसली. "पट्टी सरळ करा," तो म्हणाला, "आणि गप्प राहा."

संध्याकाळी फॅनशॉने एकच प्रश्न विचारला. "या वेळी कुठला पाय?"

"दोन्ही म्हणा, सर."

"धावपट्टीच्या दोन्ही बाजू पाहिलेला अधिकारी माझ्या माहितीत दुसरा नाही," फॅनशॉ थकून म्हणाला. "प्रशिक्षणशाळेत 'विमान सरळ कसं न्यावं' हा विषय शिकवायला माणूस मागताहेत. सोमवारी रुजू व्हा. विमान मिळणार नाही. फळा मिळेल."

सोमवारी किट्टो फळ्यापुढे उभा राहिला. त्याने खडूने एक सरळ रेघ ओढली. ती बऱ्यापैकी सरळ आली. पहिल्या बाकावरच्या नव्या अधिकाऱ्याने हात वर केला.

"सर, नव्या विमानानं उजवीकडे ओढ घेतली, तर आधी काय करायचं?"

किट्टोने खिडकीबाहेर पाहिले. वर ढग होते, पांढरे, दुसऱ्या कुणाचे तरी.

"ते फार आधी करायचं असतं," तो म्हणाला. "विमानात चढण्यापूर्वी मेकॅनिकला विचारून घ्या, त्याला तुमची दया तर येत नाही ना."

बारा जणांनी ते वहीत उतरवून घेतले.