पेशकारसाहेबांसाठी अळणी

पाय सुजले म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेलो, ही माझी पहिली चूक. डॉक्टर माणिकरावांनी घोट्यावर अंगठा दाबून खळगा पाडला, तो भरेपर्यंत वाट पाहिली आणि फर्मावलं, "मीठ बंद. गोड निम्मं." (निम्मं म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. त्याची मापं माझी माझ्याकडं आहेत.)

घरी येऊन बायकोला, उमादेवीला, बजावलं, "आजाराचं कुणाला सांगू नको." कारण मी कारकून होतो त्या परभणीच्या तहसील कचेरीत आमचे वरिष्ठ, पेशकार किशनराव, आजारी कारकुनाला घरी बसवायचे आणि त्याच्या जागी आपला भाचा. दोन भाचे बसून झाले होते, तिसरा नुकताच मॅट्रिक नापास होऊन मोकळा झाला होता.

उमादेवीनं वरणात चिंच घातली, वांग्यात लसूण आणि जवसाचं कूट घातलं. बिचारीनं जिवाचं रान केलं. तरी पहिला घास घेतला आणि मला आईची आठवण झाली.

शेजारच्या तानुबाईंनी वाटीभर कालवण नेलं आणि लगेच परत आल्या.

"उमाक्का, मीठ टाकायचं राहिलं की वो."

"राहिलं न्हाई. ह्यांचं अळणी हाय."

"कवापस्नं?"

"सोमवारपस्नं."

झालं. अळणी आणि सोमवार एकत्र आले, की आमच्याकडं पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. तानुबाईंनी दारातूनच मला हात जोडले. आठ दिवसांत गल्लीतल्या बायका पाया पडू लागल्या. (सुजलेले पाय धोतराखाली झाकून मी आशीर्वाद देत होतो. खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं.)

पण व्रत म्हटलं की नवस आलाच. मग माझा, म्हणजे सांबप्पाचा, नवस कसला? कचेरीतल्या सगळ्यांना मनापासून एकच गोष्ट हवी होती, तीच त्यांनी मला चिकटवली: पेशकारांची बदली.

हे कानावर जाताच किशनरावांनी मला बोलावलं. "सांबप्पा, खरं बोला. मीठ कशापायी सोडलं?"

आजार सांगावा तर भाचा. गप्प बसावं तर बदली. तोंडातून निघून गेलं, "हुजूर, तुमच्या तरक्कीसाठी."

किशनरावांचे डोळे भरून आले. "माझ्यापायी घरच्यांनी कधी चहा सोडला न्हाई वो. आता तरक्कीचा हुकूम येईस्तवर तुमच्या तोंडात मिठाचा कण जाऊ देणार न्हाई. दुपारचा डबा आमच्या घरून येईल."

आला. रोज आला. त्यांच्या पत्नी कस्तुराबाईंच्या हातची अळणी कढी आणि अळणी भेंडी. उमादेवी निदान लसूण तरी घालायची. पेशकार समोर बसून आंब्याचं लोणचं चाटत आणि माझ्याकडं कौतुकानं बघत.

तीन महिन्यांनी सूज उतरली. माणिकराव म्हणाले, "आता चिमूटभर मीठ घ्यायला हरकत नाही." त्या आनंदात मी स्टेशनाजवळून अर्धा शेर जिलेबी घेतली (माझ्या मापानं निम्मं) आणि वाटेतच पुडीत बोट बुडवून घरी पोचलो. घरात कस्तुराबाई बसल्या होत्या.

"भाऊ, हैदराबादेहून कागद आला. तरक्कीचं पुढल्या साली बघू म्हणतेत. मला वाटायलंय, नुस्त्या मिठानं व्हायचं न्हाई. गोडबी सोडा."

मी आशेनं उमादेवीकडं पाहिलं.

"सोडतेत की," ती म्हणाली. माझ्या हातातली पुडी काढून तिनं कस्तुराबाईंच्या ओटीत ठेवली. "सायबाला आवडती म्हणून आणलीय ह्यांनी. घेऊन जावा."

कस्तुराबाई गहिवरून पाया पडल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. बोटाला थोडा पाक राहिला होता, तोही त्यांच्या पदराला लागला.