सातशे घरांचं जेवण

सूचना ३. घरातील माणसांनी जे जे खाल्ले-प्यायले, ते त्याच दिवशी लिहावे.

"म्हणजे सगळं?" ओनिसिमने विचारलं.

"सगळं, काका," मिरेला म्हणाली. "येता-जाता तोंडात टाकलेला अक्रोडसुद्धा."

मिरेला राजधानी कीशिनावहून, आकडेवारीच्या खात्यातून आली होती. देशात गरीब किती, सुखवस्तू किती आणि दोघांमधली दरी केवढी, याची मोजणी चालली होती. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून घरं काढली होती आणि या गावातून चिठ्ठी निघाली ओनिसिमची. आता दोन आठवडे त्याने आणि त्याच्या बायकोने, प्रोफिराने, वही भरायची होती.

"पण रविवारी आमच्या विओरिकाला मागणी घालायला येताहेत," प्रोफिरा म्हणाली. "टेबल भरून जेवण होणार. तेही लिहायचं?"

"पाहुण्यांनी खाल्लेलं धरू नका. तुम्ही दोघांनी खाल्लेलं तुमच्या नावावर."

"पोरी, मी काय खाल्लं यावरून देशाचं काय कळणार?" ओनिसिम म्हणाला.

"तुम्ही एकटे नाही हो. तुमचं एक घर म्हणजे सातशे घरं. तुम्ही खाल्लंत की त्यांनी खाल्लं, असं आम्ही धरतो."

इथे मिरेलाने आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती. पण तिची बस आली.

सूचना ६. वही इतरांस दाखवू नये.

ओनिसिमने वही कोणालाही दाखवली नाही. फक्त संध्याकाळी दुकानात सगळ्यांना सांगितलं.

शेजारची तेक्ला तिथे मीठ घ्यायला आली होती. तिने तिथल्या तिथे डोकं चालवलं. थंडीत जळणासाठी सरकारी मदत मिळायची, ती गरीब घरांना. ओनिसिमने मटण खाल्लं तर सातशे घरांनी मटण खाल्लं. मटण खाणाऱ्यांना जळण कोण देईल?

"आपल्या गावात घरं किती?" तिने दुकानदाराला विचारलं.

"चारशेच्या आसपास."

"बघा! म्हणजे आपण सगळे त्यात आलो. वर शेजारच्या गावातलेही थोडे आले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तेक्ला न विचारता प्रोफिराच्या स्वयंपाकघरात शिरली आणि तिने पातेल्यावरचं झाकण उचललं.

"कोंबडी?" ती किंचाळली. "प्रोफिरा, सातशे कोंबड्या! लाज वाटत नाही तुला?"

त्या दिवशी दोघांनी ममालिगा खाल्ली. मक्याच्या पिठाची उकड, वर मीठ. चीज तेक्लाने कपाटात ठेवून दिलं, स्वतःच्या कपाटात.

दुपारी झाहारिया मास्तर आले. शाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून वर्गातलाच होता.

"ओनिसिम, उकड खातोस? प्रूत नदीपलीकडचे रुमेनियावाले हे आकडे वाचतील, माहीत आहे? म्हणतील, बघा यांची दशा! सातशे घरांची अब्रू तुझ्या ताटात आहे. खा! देशासाठी खा!"

आणि त्यांनी भाजलेली अख्खी टर्की टेबलावर ठेवली. ते पुढच्या दाराने गेले आणि मागच्या दाराने तेक्ला आली.

सूचना ११. शंका असल्यास फोन करावा.

"मिरेला, टर्की आली. मास्तरांनी दिली."

"भेट आहे ती. बाजारभावाने तुमच्या उत्पन्नात लिहा."

"पण आम्ही खाल्ली नाही. तेक्लाने नेली."

"मग तुम्ही तेक्लाबाईंना भेट दिलीत, असं लिहा."

"दिली नाही गं. नेली."

"काका, तसा रकाना नाही."

"बरं, तळघरातली वाइन? ती तर माझ्याच वेलींची."

"तीही. घरचं म्हणजे फुकट नव्हे. अंडीसुद्धा लिहायची."

"म्हणजे कोंबडीने अंडं घातलं की माझं उत्पन्न वाढतं?"

"वाढतं, काका."

ओनिसिमने फोन ठेवला, अंगणात गेला आणि कोंबड्यांकडे बराच वेळ संशयाने पाहत उभा राहिला. आजवर आपण गरीब आहोत याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. आता बघावं तर खुराड्यात उत्पन्न, तळघरात उत्पन्न, आणि पोटात उकड.

"अहो, आपण नक्की कोण?" रात्री प्रोफिराने विचारलं. "गरीब की श्रीमंत?"

"उद्या विचारतो," ओनिसिम म्हणाला. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

सूचना ८. पाहुण्यांनी खाल्लेले घराच्या खाण्यात धरू नये.

ही सूचना तेक्लाला फार आवडली.

"रविवारी खुशाल टेबल भरा," तिने हुकूम दिला. "पाहुण्यांना वाढा. पोटभर जेवू दे त्यांना. तुम्ही दोघांनी मात्र कशाला बोटही लावायचं नाही. मी येतेच मदतीला."

प्रोफिराला रडूच आलं. विओरिका शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि तिला आवडलेला इलारी इटलीत भिंती रंगवत होता. दोघांची ओळख कोणाच्या तरी लग्नात झाली होती. इलारी सुट्टीवर आला होता आणि लवकरच परत जाणार होता. हा रविवार फुकट गेला तर पुन्हा वर्षभर वाट बघायची, आणि इटलीत मुलींची काही टंचाई नाही, असं प्रोफिराचं पक्कं मत होतं.

रविवारी टेबल दिसेनासं झालं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, चीजच्या पोळ्या, भाजलेलं डुक्कर, खारवलेलं कलिंगड, आणि मधोमध नव्या वाइनचा चंबू. कोपऱ्यात चुलीपाशी तेक्ला. हातात फडका, नजर ओनिसिमच्या बोटांवर.

विओरिका सकाळीच शहरातून आली होती. टेकडीपलीकडच्या गावातून इलारी आईवडिलांना घेऊन आला. वडील व्लास म्हणजे दारात मावणार नाही असा माणूस, आई साम्फिरा काटक. सगळे बसले.

"घ्या ना," प्रोफिरा म्हणाली.

"तुम्ही घ्या," साम्फिरा म्हणाली.

"आमचं आत्ताच झालंय."

"आमचंही निघतानाच झालं."

व्लासच्या पोटातून लांबलचक आवाज आला. त्याने खुर्ची सरकवून तो लपवायचा प्रयत्न केला. ओनिसिमच्या पोटाने त्याला उत्तर दिलं.

मग आली पेल्याची वेळ. या मुलखात पेला एकच असतो. घरधनी आधी स्वतः ओतून पितो, मग त्याच पेल्यात पाहुण्याला देतो. घरधन्याने प्यायल्याशिवाय पाहुणा ओठ लावत नाही. ओनिसिमने पेला भरला. तेक्ला खाकरली. ओनिसिमने पेला तसाच व्लासपुढे धरला.

"आधी तुम्ही," व्लास हळूच म्हणाला.

"नको, आधी तुम्ही."

"का? काय आहे त्यात?"

"काही नाही हो! चांगली आहे."

"मग प्या की!"

ओनिसिमने पेला खाली ठेवला. व्लासचे कान लाल झाले. "घरधनी स्वतःची वाइन पीत नाही, असं माझ्या बापाच्या जन्मात कधी बघितलं नाही. साम्फिरा, ऊठ. यांना मुलगी द्यायची नाहीये."

"तुम्हाला तरी कुठे हवीय?" प्रोफिराचा तोल गेला. "सकाळपासून राबले मी! एका घासाला हात लावला नाहीत! आमच्या पोरीत काय खोट दिसली?"

"बाबा," विओरिका दात खाऊन म्हणाली, "सांगा आता काय ते, नाहीतर मी सांगते."

"मी पिऊ शकत नाही!" ओनिसिम ओरडला. "मी प्यालो की सातशे घरं पितात!"

व्लास दारात थांबला. वळला. हळूहळू परत आला आणि खुर्चीत धपकन बसला.

"तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. "आमची आठशे आहेत."

"म्हणजे मिरेला..."

"तीच ती! मंगळवारपासून घरात उकड आहे नुसती. आमचे सरपंच दारात खुर्ची टाकून बसलेत. निघताना बजावलंय, बाहेर खाल्लेलंही लिहावं लागतं, तेव्हा घास घेतलास तर याद राख." त्याने डुकराच्या मांसाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "ओनिसिम, इथे यायचं म्हणून मी चार दिवस या टेबलाची स्वप्नं बघितली."

"मग आता?" साम्फिरा म्हणाली. "आम्ही खाल्लं तर आमची आठशे. तुम्ही खाल्लं तर तुमची सातशे. आणि पेला प्यायल्याशिवाय तर बोलणं पुढे जायचं नाही."

विओरिकाने वही ओढून घेतली आणि तिच्यातल्या सूचना वाचायला लागली. भात थंड होत होता.

सूचना ४. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्यास घरात धरू नये.

"मी कोणाच्या वहीत आहे?" विओरिकाने विचारलं.

"तू?" ओनिसिम आठवू लागला. "मिरेलाने खोडलं तुझं नाव. शहरात राहतेस ना."

"आणि मी?" इलारीने आपल्या बापाकडे पाहिलं.

"तू तर इटलीत."

"इटलीवाल्यांनी धरलंय याला?" विओरिकाने विचारलं.

"त्याचं तिथे घर कुठाय, तो तर चौघांच्या खोलीत झोपतो!" साम्फिरा म्हणाली.

सगळ्यांनी तेक्लाकडे पाहिलं. तेक्लाने फडका खांद्यावर टाकला, सूचना दोनदा वाचली, पान उलटून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं.

"हे दोघं..." ती नाइलाजाने म्हणाली, "कुठेच नाहीत."

विओरिका ओनिसिमच्या खुर्चीत बसली. या घरातलीच ती. तिने पेला उचलला, घरधन्यासारखा एका दमात रिकामा केला, पुन्हा भरला आणि इलारीपुढे धरला. इलारी प्यायला. मग दोघांनी ताटं ओढली.

त्यांनी भात खाल्ला. पोळ्या खाल्ल्या. "ते मांस घे," व्लास कळवळून म्हणायचा. "नाही, तसं नाही, चरबीसकट खा ना रे! चव कशी आहे? नीट सांग!" इलारी तोंडभर घास घेऊन सांगायचा आणि चौघं माना डोलवायचे. बोलणीही तशीच झाली, घासागणिक. लग्न मेमध्ये, वाइन ओनिसिमची, वाद्यं व्लासची. कोणाचाच कशाला विरोध नव्हता. विरोध करण्याइतकी ताकद कोणात उरली नव्हती.

शेवटी इलारीने पट्टा सैल केला. "आता नाही जात."

"दोन घास," प्रोफिरा म्हणाली. "आमच्यासाठी."

सूचना १. माहिती खरी द्यावी.

सोमवारी मिरेला पहिल्या आठवड्याच्या वह्या तपासायला आली. टेकडीपलीकडची वही तिच्या हातात होती. तिने ओनिसिमची वही उघडून शेजारी ठेवली. रविवारच्या दोन्ही पानांवर काहीच नव्हतं. पावाचा तुकडाही नाही, वाइनचा थेंबही नाही.

तिने चष्मा काढला. आवाज आपोआप खाली आला.

"काका, टेकडीच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी कोणीच काही खाल्लं नाही. कोणी गेलं का हो?"

"छे छे," ओनिसिम म्हणाला. "लग्न ठरलं."